हळदीकुंकवाआधी स्वयंपाकघर

डॉ. नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट आमच्या खातीपुऱ्याच्या घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. बँकेच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला नवखे होतो. ताई भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात डॉक्टर आहेत, एवढेच ऐकले होते. त्या आल्या आणि कुंकू लावून न घेताच थेट स्वयंपाकघरात शिरल्या. गॅसवर तिळगुळाचा पाक उकळत होता. पॅनचा ओट्याबाहेर आलेला दांडा त्यांनी आत वळवला. मला रागच आला. पहिल्याच भेटीत ही कसली तपासणी!

तेवढ्यात माझी तीन वर्षांची इरा बाबांच्या पुढे गच्चीवरून धावत आली. "आई, देखो ना, पतंग!" म्हणत तिने आधारासाठी ओट्याकडे हात उंचावला. हाताला काहीच लागले नाही. क्षणापूर्वी तिथेच दांडा होता.

ताई हळूच म्हणाल्या, "पाक कातडीला चिकटतो गं. पुसून निघत नाही."

आमच्या इथल्या मराठी मंडळात त्यांना थट्टेने 'इन्स्पेक्टरीणबाई' म्हणतात. त्या येणार म्हटले की चहाची किटली टेबलाच्या कडेवरून आत सरकते, काडेपेटी वरच्या फळीवर जाते, आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी पडते आणि मग कढत. आम्ही हसतो खरे, पण नजर पुन्हा एकदा ओट्यावरून फिरतेच. आपले काही राहिले तर नाही ना?

एकदा शेजारच्या मुलाच्या पायावर चहा सांडला. ताईंनी त्याला उचलून नळाखाली धरले. त्याची आजी टूथपेस्ट घेऊन धावली. "माँजी, कुछ मत लगाइए. सिर्फ पानी." चांगली वीस मिनिटे ते पोर किंचाळत होते आणि ताई त्याला मराठीत समजावत होत्या. त्याला त्यातले अक्षरही कळत नव्हते. मग स्वच्छ कापड गुंडाळून त्यांनी स्वतःच्या गाडीतून त्याला इस्पितळात पोचवले. मी सोबत होते; परतताना त्यांनी गाडी कडेला थांबवून थोडा वेळ डोळे मिटले.

"इतकी वर्षं झाली, ताई, अजून भीती वाटते?" मी विचारले.

"वाटते. आणि जायला नको ती."

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. मंडळातर्फे होणाऱ्या त्यांच्या सत्काराच्या दिवशी हार इरा घालणार आहे. तिच्या उजव्या हातावर एकही डाग नाही, म्हणून कुणी त्याकडे वळून पाहत नाही. मी मात्र रोज पाहते. ताई, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. अजून पुष्कळ घरांत आपल्याला हळदीकुंकवाआधी स्वयंपाकघरात शिरायचे आहे.