बिनसाखरेचा प्रसाद

सत्यनारायणाचा प्रसाद नाकारता येत नाही, हे अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या पंचवीसेक सज्जन माणसांना एका दुपारी माझ्यामुळे फार जवळून कळलं. या प्रकरणाचं खापर मी आजवर ओट्सवर फोडत आलो. (ओट्स उलटून बोलत नाहीत, त्यामुळे ते सोयीचं पडतं.) पण ओट्सचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा माझा, आणि खरं सांगायचं तर तो अर्ध्याहून जरा मोठाच आहे.

मला केळी टाकवत नाहीत. इथे ती स्वस्त मिळतात म्हणून मी घडच्या घड उचलून आणतो, घरात ती कुणी खात नाही, मग त्यांच्यावर ठिपके येतात, मग ती काळी पडतात. माझी बायको वैशाली ती कचऱ्यात टाकायला निघाली की मी हातातून काढून घेतो आणि गराजमधल्या फ्रीजरमध्ये ठेवतो. "यांचं काहीतरी हेल्दी करू," असं दरवेळी म्हणतो. एकदा खरंच केलं. केळी, ओट्स आणि जवस घालून बिस्किटं. आमच्या सईने, म्हणजे मुलीने, एक तुकडा तोडला आणि विचारलं, "बाबा, आर दीज फॉर द बर्ड्स?"

अशात नागपूरहून माझी आई आली. पहिल्यांदाच आली. वर्षानुवर्षं मी 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' म्हणत तिकीट काढलं नव्हतं, त्यामुळे ती दारात उभी राहिली तेव्हाच मी मनातल्या मनात तिच्या पायाशी लोळण घेतली होती. (प्रत्यक्षात 'प्रवास बरा झाला ना?' एवढंच विचारलं. आम्ही घरात कमी बोलतो.) आईची एकच इच्छा होती. "तुझ्या घरी एक सत्यनारायण झालेला पाहते रे सुहास, मग मी मोकळी."

आईला डायबेटिस आहे. पूजा कुणाकडेही असो, ती प्रसादाचा एक कण जिभेवर ठेवते आणि बाकीचा शेजारच्याला देते. तो शिरा शेजारी जाताना तिचे डोळे त्याच्याबरोबर किती लांब जातात, हे मी लहानपणापासून नाही तरी बरीच वर्षं पाहतोय. तेव्हा मी ठरवलं की माझ्या घरच्या पूजेत आई पोटभर प्रसाद खाईल. तिकिटाची भरपाई शिऱ्यात.

"शिरा या वेळी मी करणार," मी जाहीर केलं.

"तू?" वैशाली म्हणाली. तिच्या समोर पंचवीस माणसांची मसालेभाताची तयारी पसरली होती. "सुहास, तुझा चहा उतू जातो."

"साखरेशिवाय करणार. पिकलेल्या केळ्यांची गोडी असतेच की. आईला चालेल."

आईचं नाव घेतल्यावर वैशालीने कढई माझ्याकडे सरकवली. शिवाय फ्रीजर रिकामा होणार होता.

केळी आदल्या रात्री बाहेर काढून ठेवली. सकाळी सई गराजमधून परत आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, देअर आर डेड थिंग्ज ऑन अ ट्रे." मी त्यातला काळा रस निथळून घेतला आणि गर कढईत ढकलला. आता साखर काढलीच आहे तर रवा तरी कशाला, म्हणून ओट्स घेतले. मग तूपही चार चमच्यांवर आणलं. माप मात्र सव्वाचंच ठेवलं. देवाशी तेवढा प्रामाणिकपणा हवा.

ओट्सनी पाणी पाहिलं आणि ते फुगू लागले. रंग सिमेंटचा आला. मी चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं, तोच मागून आईचा आवाज आला.

"काऊन रे, चाखतोस की काय? नैवेद्य आहे तो. वासही घ्यायचा नसतो."

इथेच सगळं फसलं. हा जगातला एकच पदार्थ असा आहे, की जो करणाऱ्याला आधी चाखता येत नाही आणि खाणाऱ्याला नंतर नाकारता येत नाही. मी चमचा धुतला आणि श्वास रोखून ढवळत राहिलो.

पूजा सांगायला देशपांडे गुरुजी आले होते. ते आठवडाभर गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. नैवेद्याची वेळ आली तेव्हा मी वाटीने मूद पाडायला गेलो. मूद पडेना. वाटी ठोकली, हलवली, ताम्हणावर आपटली. शेवटी गुरुजींनी मंत्र न थांबवता वाटीसकट ठेवायची खूण केली. वर तुळशीचं पान रोवलं, ते झेंड्यासारखं उभं राहिलं.

मग प्रसादवाटप. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, जी कथेच्या वेळीही नव्हती.

"वेगळा झालाय," कुलकर्णी वहिनी घास गिळून म्हणाल्या.

"पौष्टिक लागतोय," त्यांचे यजमान म्हणाले आणि पाणी प्यायले.

सईच्या मैत्रिणीने तिला हळूच विचारलं, "डू वी ईट इट ऑर इज इट फॉर द स्टॅच्यू?" एका गृहस्थांनी प्रसाद नॅपकिनमध्ये गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. माझी त्यांची नजरानजर झाली. ते म्हणाले, "घरी... शेजाऱ्यांसाठी." त्यांचे शेजारी पोलिश आहेत.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आई खूश झाली होती. तिने पातेलं आणि डाव हातात घेतला आणि पंगतीत आग्रह करावा तशी फिरू लागली. "घ्या ना अजून. साखरेचा दाणा नाही त्यात. सुहासने स्वतः केलाय." देवाचा प्रसाद, वर पहिल्यांदाच अमेरिकेत आलेल्या आजींच्या हातून वाढलेला. एकानेही नको म्हटलं नाही. काही जणांनी डोळे मिटून घेतले. मला आधी ती भक्ती वाटली.

आणि मग आई स्वतः बसली. एक वाटी खाल्ली, दुसरी घेतली, बोटाने चाटून पुसून साफ केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांच्याही आलं होतं, कारणं वेगळी होती. उरलेलं पातेलं आईने संध्याकाळी संपवलं.

सकाळी तिच्या शुगरच्या मशिनवर जो आकडा आला, तो पाहून मला वाटलं की मशिनने स्वतःचा मॉडेल नंबर दाखवला.

"बाबा," सई म्हणाली, "व्हेन दे गो ब्लॅक, ऑल द स्टार्च टर्न्स इनटू शुगर. वी डिड धिस इन बायॉलॉजी."

मी खुर्चीत बसलो. आई शांतपणे बिनसाखरेचा चहा पीत होती.

"हौ, वाढणारच होती," ती म्हणाली. "इतकी वर्षं हा आजार सांभाळते मी. काळं केळं काय असतं, ते मला माहीत नसेल?"

"मग आई, तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दिला असतास का?"

मी नागपूरला तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या वाढवल्या, आणि फोन स्पीकरवर घ्यायला सांगून आईला बजावलं, "काकू, तिथे सुनबाई करतील ते सगळं खा. मुलाने केलेलं काहीही खायचं नाही."

पन्नाशीपर्यंत वाट पाहून माझ्या हातचं आवडीने खाणारं एक माणूस मला मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी ते पथ्यावर ठेवलं.