ठोकळे लावलेस का?

लव्हॉन एरस्टाडला कुणी कॉफी विचारली तर ती दोनदा "नको गं" म्हणणार आणि तिसऱ्यांदा कप पुढे करणार. आमच्या उत्तर मिनेसोटात सगळेच असे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा, आणि तिसऱ्यांदा न विचारणं म्हणजे उद्धटपणा. पण लव्हॉन त्यातही चार पावलं पुढची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना तिने वाढलं, पण स्वतःसाठी कुणाकडे कधी चमचा मागितला नाही. एकदा हाताला टाके पडलेले असताना बाई माझ्यासमोर लाकडं फोडत होती. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा सरळ कुऱ्हाडच काढून घेतली. त्यावर म्हणते, "आता घेतलीच आहेस, तर फोड."

मी इथल्या तळ्याकाठच्या कॅम्पची देखरेख करते. दर उन्हाळ्यात लव्हॉन आणि तिचा नवरा ऑर्डेल गाडीला आपला ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच, जोडून निघतात, या तळ्यावरून त्या तळ्यावर भटकतात, आणि शेवटचा मुक्काम माझ्याकडे, पाण्यालगतच्या पाइनखाली. तिथे त्यांची लेक कारिन शहरातून येते, सगळे एकत्र जेवतात आणि मग घर.

या वर्षी ते यायच्या आधी कारिनचा फोन आला. "बर्निस, बाबांचं काहीतरी बिघडलंय. फोनवर तेच तेच विचारतात. ते आले की जरा लक्ष ठेवशील? आई मला काही सांगायची नाही." बाबांची शुद्ध ठिकाणावर नसेल तर ट्रेलर विकायचा आणि दोघांना आपल्याजवळ न्यायचं, असं तिने ठरवलं होतं. आईला तसं बजावलंही होतं. मी बघते म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. या वयात मला हेरगिरी करायला लावतेय कार्टी!

दुपारी ते आले. गाडी थांबते न थांबते तोच लव्हॉन उतरून माझ्याकडे आली.

"कारिनने तुला फोन केला असेल."

"केला होता."

"मग बघ नीट. आणि बघशील ते पोटात ठेव." ती हसली, पण ओठ सुकलेले होते.

"वाटेत काही झालं का?"

"काही नाही. एके ठिकाणी रस्ता चुकला, एवढंच."

"ट्रेलर लावायला मी येऊ?"

"नको गं."

"मागून मी बघते, तू जरा बस."

"नको म्हटलं ना!" आणि मी तिसऱ्यांदा विचारायच्या आत ती वळून चालायला लागली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कॅम्पात कुणी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की सगळ्यांच्या खुर्च्या हळूच तिकडे वळतात. उघड बघत कुणी नाही. मासिक हातात धरायचं आणि त्याच्यावरून बघायचं. चांगले चांगले संसार मी त्या वेळी तडकताना पाहिलेत. पण लव्हॉनने मागे उभं राहून हात हलवले आणि ऑर्डेलने एका दमात ट्रेलर पाइन आणि टेबलाच्या मधे नेमका बसवला. कुणीतरी टाळी वाजवली. लव्हॉनने माझ्याकडे असं बघितलं, की सांग आता लेकीला! माझाही जीव भांड्यात पडला.

त्या जागेला पाण्याकडे उतार आहे. म्हणून गाडीपासून ट्रेलर सोडवायच्या आधी चाकांमागे लाकडी ठोकळे लावायचे. ऑर्डेलने ते स्वतः तासून पिवळे रंगवलेत. लव्हॉन दर वेळी विचारणार, "ठोकळे लावलेस का?" आणि तो ओरडणार, "लावले!" ती वाकून बघायची नाही. चारचौघांत नवऱ्याचं काम तपासायचं, त्यापेक्षा तिने जीव दिला असता. आजही तिने विचारलं, मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच.

"लावले!" तोही तितक्याच जोरात म्हणाला.

बादली घेऊन ती ट्रेलरच्या मागे पाण्याशी गेली. ऑर्डेलने साखळ्या सोडल्या आणि ट्रेलरचा दांडा गाडीवरून उचलणाऱ्या जॅकचं हँडल फिरवायला घेतलं. आणि मला गाडीच्या मागच्या हौद्यात, सरपणावर, ते पिवळे ठोकळे दिसले. दोन्ही.

मी ओरडले, "ऑर्डेल, थांब!"

"झालंच!" त्याने मला हात केला आणि आणखी एक फेरा मारला. ट्रेलर सुटला. आधी सावकाश, मग भराभर. आणि मागे लव्हॉन, पाण्यात वाकलेली, पाठ आमच्याकडे.

"लव्हॉन! बाजूला हो!"

तिला वाटलं आपण कुणाच्या तरी वाटेत उभ्या आहोत. "अगंबाई, माफ करा हं," म्हणत ती मागे न बघताच बाजूला सरकली. ती होती त्याच जागेवरून ट्रेलर गेला, जॅकच्या पायाने जमिनीत चर पडला, मागची चाकं पाण्यातल्या खडकाला अडली आणि तो थांबला. कुणाची वाट अडवल्याची लाज नसती, तर ही बाई जिवंत राहिली नसती.

ऑर्डेल हँडल धरून उभा. "लव्हॉन, ठोकळे तू लावतेस ना?" तो दोष देत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

ती भिजलेल्या पायांनी वर आली, त्याच्या हातातलं हँडल काढून घेतलं. "हो रे. माझंच राहिलं."

मला तिथेच रडू फुटलं. शेजारची माणसं दोर घेऊन धावली, ट्रेलर ओढून वर आणला, आणि परत आपापली मासिकं उघडून बसली. ठोकळे मी लावले.

"कारिनला मी काही सांगणार नाही," मी हळूच म्हटलं. "ट्रेलर एका दमात लागला, एवढंच सांगेन. लागलाच होता. झाकली मूठ राहू दे."

लव्हॉनने ओले मोजे पिळून दोरीवर टाकले.

संध्याकाळी कारिन ओव्हनमध्ये भाजलेलं रानतांदळाचं कॅसरोल घेऊन आली. जेवताना ऑर्डेलने गळाला लागलेल्या माशाची गोष्ट रंगवून सांगितली, मग तीच पुन्हा सांगितली. कारिन माझ्याकडे बघत होती आणि मी ताटाकडे. शेवटी तिने दर वर्षीचा प्रश्न काढला.

"आई, परत जाताना गाडी मी चालवू?"

दर वर्षी याला दोन 'नको' आणि एक 'बघू', म्हणजे नाहीच.

"हो," लव्हॉन म्हणाली.

कारिनचं "अगं पण आई" सवयीने अर्धं बाहेर पडलंही होतं. ते तसंच राहिलं.

"हो म्हटलं मी. आणि ट्रेलरही ने. विकून टाक."

ऑर्डेल ताटातली शेवटची शितं काट्याने गोळा करत होता. पहिल्याच विचारण्याला कुणी हो म्हटलं तर पुढे काय बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. मी उठून कॉफीचं भांडं आणलं. विचारायला तोंड उघडलं, तर लव्हॉनने कप आधीच पुढे धरला होता.