भरावावरून गेलेली बस

श्रीलंकेत काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, पुरणपोळी. लोकांना वाटतं बाई गंमत करतायत. गंमत करायची माझी इच्छा नाही. सहलीहून येऊन चार महिने झाले, पण अजून तो विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि समोरच्याने बिचाऱ्याने नुसतं चहा घेताना सहज विचारलेलं असतं.

सहल आबांसाठी होती. आबा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी, पारनेरच्या पठारावर जन्म गेला, आणि त्या वयापर्यंत समुद्र पाहिलेला नाही. पण त्यांना समुद्राचं काही नव्हतं. मी नगरला शाळेत विज्ञान शिकवते. एकदा सुट्टीत गावी जाताना माझ्या पिशवीत सहल कंपनीचं माहितीपत्रक होतं, ‘बेटाचा निसर्ग आणि संस्कृती, आठ दिवस’. आबांनी ते चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि पाचव्या दिवसावर बोट ठेवलं. तिथे काडेपेटीएवढा एक फोटो होता. एक लांबलचक मातीचा भराव, त्यामागे पाणी, आणि खाली ओळ: ‘हजारो वर्षांपूर्वीचे तलाव, आजही वापरात.’

“आजबी वापरात?” आबांनी विचारलं. “हजार वर्सं?”

हा प्रश्न त्यांनी का विचारला हे कळायला आमच्या गावचा तलाव माहीत हवा. आबांच्या तरुणपणी दुष्काळी कामातून तो झाला आणि आबा त्या कामावर मुकादम होते. चारशे माणसं हाताखाली. काळी माती कुठून आणायची, थर किती दाबायचा, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग, म्हणजे अस्तर, कसं बसवायचं, सगळं जीव ओतून केलं. आणि पहिल्याच पावसाळ्यात मोरीच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं. मोरी म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायला भरावाखालून काढलेली वाट. तिथे माती आणि दगड एकमेकांना धरेनात. तीनदा बुजवलं, तीनदा गळलं. आजही तो तलाव संक्रांतीला कोरडा असतो. कामावरचे साहेब बदली होऊन गेले, गुत्तेदार पुढच्या कामाला गेला, आबा गावातच राहिले. त्यामुळे गावात त्याला ‘मुकादमाचा तलाव’ म्हणतात. प्रेमानं नव्हे.

तर हजार वर्षं न गळणारी मोरी त्यांना बघायची होती. एवढंच. त्यांनी तो फोटो कात्रीने कापून खिशातल्या डायरीत ठेवला आणि जानेवारीत आम्ही निघालो. मी शाळेतून रजा काढली, त्यांना कापडी बूट घेतले. टोपी काढणार नाही म्हणाले, तर म्हटलं नका काढू.

आमचा तेहतीस जणांचा गट होता. सगळे आपल्याच जिल्ह्यातले. सोबत एक टूर मॅनेजर, तरतरीत पोरगा, गळ्यात शिट्टी. आणि सोबत स्वयंपाकी महाराज, कारण माहितीपत्रकात तारीख-वार जेवढ्या ठळक अक्षरात नव्हते तेवढ्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: रोज आपलं घरगुती जेवण. महाराज डाळ, गूळ, मिरच्या, सगळं इथून घेऊन गेले होते. ज्या बेटावर पावलोपावली नारळ आणि मासे, तिथे आम्ही सकाळी पोहे, दुपारी पिठलं आणि मधल्या वेळी भडंग खाल्लं. मला जेवणाचा राग नाही. मी पण खाल्लं, चवीनं खाल्लं. राग याचा आहे की सगळी सहल त्या चुलीभोवती फिरली. बाराला मंदिरात असलो तरी साडेबाराला सगळ्यांच्या माना घड्याळाकडे.

गटाचं पुढारीपण पहिल्याच दिवशी ठरून गेलं. कोपरगावकडचे एक निवृत्त साखर कारखान्याचे अधिकारी होते, सगळे त्यांना साहेबच म्हणत. माणूस वाईट नव्हता. चढावर आबांना हात द्यायचे, पाणी विचारायचे. पण पाटाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. तिसऱ्या दिवशी आबांनी त्यांना कापलेला फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, “आबा, तळ्यात काय बघायचंय? पाणी ते पाणी. आमच्याकडे या, पाटाला सोडलेलं दाखवतो.” आबा हसले आणि फोटो परत डायरीत ठेवला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ज्याच्या विहिरीनं कधी तळ दाखवला नाही त्याने पाण्याबद्दल असं बोलू नये. पण सहलीत भांडण नको, म्हणून मी गप्प बसले. ही सहलीत भांडण नको म्हणून गप्प बसण्याची आपली सवय आहे ना, तिच्यावर एकदा नीट लिहिलं पाहिजे.

आबांना ओळखलं ते फक्त तिथल्या गाईडनं. पन्नाशीचा, शांत, काळासावळा माणूस. तो अशाच एका तलावाच्या गावचा होता. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी तो एकटाच एका बाजूला त्याचा भात खात होता, तर आबा आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले. आबांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. मी मध्ये बसले. पण माझी फार गरज लागली नाही. आबांनी कागदी रुमालावर भराव काढला, मोरी काढली आणि मोरीच्या कडेनं बोट फिरवून “इथनं, इथनं गळतं” असं दाखवलं. गाईडनं आबांच्या हातातून पेन घेतलं आणि भरावाच्या आतल्या अंगाला एक चौकोन काढला.

त्यानं मला सांगितलं, मी आबांना सांगितलं: भरावात पाण्याच्या बाजूला एक चौकोनी दगडी विहीर असते. तलावाचं पाणी आधी त्या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, आणि मग ते मोरीत शिरतं. जोर मोडलेलं पाणी मातीला खात नाही.

आबांचा घास हातात राहिला. “जोर मोडायचा,” ते म्हणाले. “आमी नुसतं बुजवीत बसलो.” मग मला म्हणाले, “इचार त्याला, इहिरीचा दगड खाली कशावर बसवलाय? माती कुठवर आन् दगड कुठनं?” गाईड म्हणाला ते सांगून कळणार नाही, उद्या दाखवतो, मोरीजवळ उतरून हात लावता येतो. त्या रात्री आबांनी तो कागदी रुमाल घडी करून फोटोशेजारी ठेवला.

आता पाचवा दिवस. सकाळी एक मोठा कातळ पाहिला, ठीक. तलावाची वेळ कागदावर दुपारी तीनची होती. त्याआधी पाऊण तास ‘मसाल्याच्या बागेला भेट’. बाग कसली, पुढे दहा झाडं आणि मागे दुकान. दालचिनीचं झाड दाखवलं, मिऱ्याचा वेल दाखवला आणि लगेच सगळ्यांना बाकांवर बसवून गुडघ्यांना तेल चोळायला सुरुवात केली. गुडघे म्हटल्यावर आपली माणसं उठतात होय! एकानं दोन बाटल्या घेतल्या की दुसऱ्यानं चार. नगरच्या बाजारपेठेत जी दालचिनी मिळते तीच दालचिनी लोक हुंगून हुंगून घेत होते, जणू काय आयुष्यात पहिल्यांदा. मी मॅनेजरला दोनदा जाऊन सांगितलं की तलाव राहील. तो म्हणाला, “मॅडम, होतंय.” आबा बागेच्या फाटकाशी बसजवळ उभे होते. सावली होती तरी उन्हात उभे होते, कारण तिथून बसचं दार जवळ.

बस निघाली तेव्हा पावणेपाच वाजले होते. मॅनेजरनं माइक घेतला.

“मंडळी, महाराजांचा फोन होता. आज हॉटेलवर पुरणपोळी आहे. कटाची आमटी आहे. आत्ता सरळ गेलो तर गरम गरम मिळेल. तलाव करायचा तर उशीर होईल. बहुमतानं ठरवू. हॉटेल कुणाकुणाला? हात वर करा.”

ग्रामसभेत ठराव पास होतो तसा तो ठराव पास झाला. पुरणपोळी म्हटल्यावर बसमध्ये टाळ्या झाल्या. साहेबांनी दोन्ही हात वर केले. हजार वर्षांची कारागिरी एका बाजूला आणि जी पोळी दर होळीला घरी मिळते ती दुसऱ्या बाजूला, आणि पोळी जिंकली. कागदावर छापलेली, आधीच कबूल केलेली गोष्ट मताला टाकायचा अधिकार त्या पोराला कुणी दिला हे कुणीही विचारलं नाही.

मीही विचारलं नाही. आणि मीही हात वर केला.

लपवून काय उपयोग. माझ्या शेजारी साहेबांच्या मिसेस होत्या, त्यांनी कोपरानं ढोसलं, “अहो, करा की वर.” माझेही पाय दुखत होते. सगळी बस एकीकडे आणि मी एकटी कशी बसू. आणि मनात म्हटलं, आबाही दमले असतील, दुपारपासून उभेच आहेत. हात अर्धा नाही, पूर्ण वर केला.

आबा पुढच्या सीटवर होते. ते मागे वळले. सगळ्या बसवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मग ते पुढे वळले आणि त्यांनीही हात वर केला.

“एकमतानं!” मॅनेजर म्हणाला. तलाव कुणाला, हे त्यानं विचारलंच नाही. गाईडनं त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

खरा संताप अजून पुढेच आहे. हॉटेलचा रस्ता त्याच तलावाच्या भरावावरून जात होता. गाईडनं माइकवर हळू आवाजात सांगितलं, “डाव्या हाताला तलाव.” तेव्हा बसमध्ये अंताक्षरी चालली होती. डाव्या बाजूला साहेब आणि मंडळी होती आणि ऊन तोंडावर येतं म्हणून त्यांनी पडदे ओढून घेतले होते. आबा उजवीकडे. ते दांडीला धरून उभे राहिले आणि पडद्यांच्या फटीतून बघायला लागले. फटीतून काय दिसणार? पांढरं चमकलेलं काहीतरी. गाईड मॅनेजरला म्हणाला, पाच मिनिटं थांबू, मोरी पुढेच आहे. मॅनेजर म्हणाला, पाच मिनिटांची पंचवीस होतात. आणि मग माइकवर, “आबा, चालत्या बसमध्ये उभं राहायचं नाही हं.”

बस थांबवा, असं ओरडायला किती शब्द लागतात? मी तीस वर्षं वर्गात ओरडतेय. मी म्हणाले, “बसा आबा, पडाल.”

आबा बसले. भराव संपला. कुणीतरी ‘म’ वरून गाणं सुरू केलं.

पुरणपोळी चांगली झाली होती, हे सांगायला हवं. आबांनी एक खाल्ली. गाईडला साहेबांनी आग्रह करकरून तीन वाढल्या आणि “हमारा कल्चर, हमारा कल्चर” म्हणत पाठीवर थोपटलं. त्या माणसानं खाली मान घालून खाल्ल्या. निरोपाच्या दिवशी विमानतळावर त्यानं आबांना वाकून नमस्कार केला आणि मला इंग्रजीत म्हणाला, तुमच्या वडिलांना सांगा, मला माफ करा. मी ते आबांना सांगितलं नाही. त्यानं कशाची माफी मागायची?

घरी आल्यावर मी रागाचं सोनं करायचं ठरवलं. सहल कंपनीला पत्र. सविस्तर, मुद्देसूद, कागदावर छापलेल्या कार्यक्रमाची झेरॉक्स जोडून. परवा रविवारी गावी गेले तेव्हा ते आबांना वाचून दाखवलं. ओट्यावर बसले होते. मी जोरात वाचत होते: ‘केवळ जेवणासाठी सर्व प्रवाशांनी हात वर करून तलावाची भेट रद्द केली. वयोवृद्ध प्रवाशाच्या इच्छेचा कोणीही विचार केला नाही.’

“सर्व म्हंजे कोन कोन?” आबांनी विचारलं.

“सगळे, आबा. ते साहेब, त्यांची बायको, तो मॅनेजर...”

“तुजा हात लिव्हला का?”

मग माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आज लाज वाटते. मी म्हणाले, “तुम्हीही केला होता की वर.” चार महिने मी याच गोष्टीला धरून बसले होते. रात्री झोप येईना की मी स्वतःला हेच सांगायचे, आबांनीही केला होता, म्हणजे तेही दमले होते, त्यांनाही नकोच होतं.

आबांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मी रागावर पोसलेली आहे, मला रागाशी कसं वागायचं ते कळतं.

“व्हय, केला,” ते म्हणाले. “तुजा वर दिसला म्हनून केला. म्हटलं, समद्या बसमदी पोरीला आपल्या बापापायी वाईट व्हायला नको.”

मग ते उठले आणि गुरांना पाणी पाजायला गेले. मी तिथेच ओट्यावर बसून पत्रात ‘सर्व प्रवाशांनी’च्या पुढे लिहिलं, ‘आणि मी स्वतः’. ते लिहिल्यावर पत्र पुन्हा एकदा वाचलं, आणि ते पाठवायचं कुणाला हे मला कळेना.