तिसऱ्या कॅमेऱ्यातली माणसं

पुण्याजवळ मांजरी गावातल्या एका मंगल कार्यालयात मी कॅमेरा लावत होतो, तेव्हा मीनलताईच्या भावाचा फोन आला. "ताई गेली रे... सकाळी उठलीच नाही." समोरून मामा नवरीला बोहल्याकडे आणत होता. लग्न लागेपर्यंत मी हललो नाही. हललो असतो तर तिनेच मला झापलं असतं. अक्षता पडल्यावर कॅमेरा सोबत्याच्या हाती दिला आणि हडपसर गाठलं. दुसऱ्या दिवशी आमच्या धंद्यातल्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'सोशिक आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं.' मनमिळाऊ एक वेळ ठीक. पण सोशिक? लिहिणाऱ्याने कधी ना कधी तिची बोलणी खाल्लेली असणार, तरी लिहिलं! बाई मेली की तिला सोशिक करून टाकायची, ही आपली जुनी सोय आहे. मला ती मंजूर नाही, म्हणून हे लिहितोय.

मीनलताई लग्नाच्या फिल्म एडिट करायची. हडपसरच्या बाजारामागे तिची एक खोली होती. लग्नात आम्ही तीन कॅमेरे लावतो. एक लांबून सगळा मंच धरतो, दुसरा नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर असतो आणि तिसरा पाहुण्यांत फिरतो. हा तिसरा बहुतेक वेळा माझ्याकडे. ताई या तिन्हींचे आवाज जुळवून ती चित्रं कॉम्प्युटरवर एकाखाली एक मांडायची आणि फिल्म चालू ठेवून एक, दोन, तीन अशी बटणं दाबत कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा दिसणार ते ठरवायची. यात एक लबाडी करता येते. एखादा माणूस नको असेल तर तो आला की दुसरा कॅमेरा घ्यायचा. मंगलाष्टकं तशीच चालू राहतात, चित्र तेवढं बदलतं. इथे कुणी उभं होतं, अशी पाहणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

ताईला ही लबाडी चांगली ठाऊक होती. तिचा नवरा गेला तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. पुढे वर्षभरात धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि त्याची फिल्म सगळ्यांनी मिळून पाहिली. आचारी दिसला, मंडपवाला दिसला, बँडवाला तर दोनदा दिसला. ताई कुठेच नव्हती. "तीन कॅमेरे होते रे, आणि मी सगळं घर सांभाळत फिरत होते," ती सांगायची. "तरी एकातही नाही म्हणजे... कसब लागतं हो याला!" ती हसायची. मला कधी हसू आलं नाही. त्या फिल्मनंतर तिने रडत न बसता एडिटिंग शिकून घेतलं.

तिच्या शेवटच्या फिल्ममधल्या नवरीला वडील नव्हते. कन्यादान काका-काकूंनी केलं. आई खुर्च्यांच्याही मागे, जेवणाच्या हॉलच्या दाराशी उभी राहून तिथूनच अक्षता टाकत होती. त्या कुठवर पोचणार! ती माझ्या कॅमेऱ्यात सापडली, आणि अंतरपाट दूर होताना ताईने बरोबर तिलाच घेतलं. नवऱ्या मुलाचे काका कच्ची फिल्म पाहायला आले होते. ते उभ्या उभ्याच चुळबुळ करू लागले.

"अहो मॅडम, नेमक्या मुहूर्तावर या बाई कशाला? अपशकुन दिसतो. दुसरा अँगल असेल ना?"

"अपशकुन असता तर लग्न लागलं नसतं," ताई म्हणाली. "लागलं की छान!"

"तरीपण..."

"तरीपण शॉट जरा लहानच झालाय. वाढवते." आणि तिने त्यांच्यादेखत तो वाढवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. तिच्या भावाने खोलीची किल्ली आणि राहिलेलं काम माझ्याकडे सोपवलं. तेरावा झाल्यावर नवऱ्या मुलाचे तेच काका माझ्याकडे आले. फार वाईट झालं वगैरे म्हणून झालं, मग मुद्द्यावर आले. "आता तुमच्याच हातात आहे सगळं. एक बटण तर दाबायचंय." खरंच होतं ते, एकच बटण होतं. ती होती तोवर यांची तिच्यापुढे मात्रा चालली नाही, आणि आता तिचा शेवटचा कट माझ्या हाताने पुसून घ्यायचा होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या खोलीत तिच्या हातचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

"नाही दाबणार," मी म्हणालो.

"मग तुमच्याबद्दल चार लोकांना सांगावं लागेल."

"जरूर सांगा. पत्ताही द्या."

फिल्म न्यायला मग नवरी स्वतःच आली. सोबत तिची आई होती. खोलीत बसायला ताईची खुर्ची तेवढी होती. तिच्यावर ताईची उशी अजून तशीच होती आणि ताई गेल्यापासून त्या खुर्चीत मी कुणाला बसू दिलं नव्हतं. मी ती आईंपुढे सरकवली आणि फिल्म लावली. अंतरपाट दूर झाला आणि पडद्यावर आई आल्या, दाराशी उभ्या, अक्षतांची मूठ उचललेली. त्यांनी पदर सावरला. मला वाटलं, आता रडणार...

"परत दाखवा," त्या म्हणाल्या. मी परत दाखवलं. त्या पुढे वाकून बघत राहिल्या.

"एवढ्या मागं का उभी हाय मी?" त्यांनी लेकीला विचारलं. आई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"धाकटीच्या लग्नाला तुमीच या, दादा. आन् कॅमेरा एवढा लांब लावू नका. पुढंच असणार हाय मी."