शेवटची वडी

आर्डिस टोलेफ्सरुडने आयुष्यात कधी कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, आणि आमच्या होवलंड गावात हा फार मोठा गुण समजला जातो. नाही म्हणायचं असेल तर आम्ही "बघू या" म्हणतो. फारच संताप आला तर "हे जरा वेगळंच आहे" म्हणतो. ते ऐकून समोरच्याची त्या रात्रीची झोप उडते. मी आर्डिसचा शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कुंपण नाही, कारण कुंपण घालायचं तर आधी कुणीतरी विषय काढायला हवा.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात घालवली. गावातल्या प्रत्येक माणसाच्या ताटात तिच्या डावाने कधी ना कधी वाटाणे पडलेले आहेत. निवृत्त झाल्यावर डाव सुटला, पण चर्चच्या तळघरातली रविवारच्या प्रार्थनेनंतरची कॉफी तिच्या हातात आली, आणि त्याबरोबर न मागता गावचं राजकारणही आलं. आर्डिस कुणाच्या बाजूने आहे हे निवडणुकीआधी दोन-तीन रविवार तळघरात कळायचं. मग बायकांचं ठरायचं. पुरुषांना ते घरी जेवताना समजायचं आणि आपणच विचार करून ठरवलं असं वाटायचं.

उमेदवार पारखायची तिची रीत साधी होती. आलेल्या माणसाला स्वयंपाकघरात बसवायचं, कॉफी द्यायची आणि रुबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्यांची ताटली मधे ठेवायची. साक्षीला मी असायचोच. वड्या संपत आल्या की ती ताटलीकडे बघायची नाही, आणि न बघता तिला सगळं दिसायचं. आमच्याकडे शेवटची वडी कुणी घेत नाही. फार तर ती अर्धी कापायची. पुढचा उरलेल्या अर्धीची अर्धी करतो. असं करत करत ताटलीत नखाएवढा तुकडा उरतो आणि सगळे त्याच्याकडे प्रेमाने बघत उठतात. जो शेवटची वडी सबंध उचलतो तो उद्या गावची तिजोरीही सबंध उचलेल, असा आर्डिसचा हिशेब. या रीतीने निवडलेली माणसं इतर रीतींनी निवडलेल्यांपेक्षा काही वाईट निघाली नाहीत. यावरून निवडणुकांबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजा.

त्या साली राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधोमध येणाऱ्या मध्यावधी निवडणुका होत्या आणि आर्डिसला पहिल्यांदाच त्यातून काहीतरी हवं होतं. तिचा नवरा नॉर्व्हल अर्धांगाच्या झटक्यानंतर गावच्या वृद्धाश्रमात होता. वृद्धाश्रम नगरपरिषदेचा, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. रोज दुपारी कॉफीच्या वेळेला ती रुमालात एक वडी गुंडाळून निघायची. नॉर्व्हलची वाचा गेली होती, माणसंही तो धड ओळखत नव्हता, पण वडी ओळखायचा, आणि वडीच्या मागोमाग तिलाही. आता वृद्धाश्रम तोट्यात चाललाय, बंद होणार, अशी कुजबूज उठली होती. दुसरा सर्वांत जवळचा चाळीस मैलांवर. आर्डिसची नजर अधू झाल्यामुळे गाडी चालवणं तिने सोडलं होतं. आमच्या हिवाळ्यात चाळीस मैल म्हणजे दुसरा देश. वृद्धाश्रम बंद झाला तर नॉर्व्हल तिला बर्फ वितळेपर्यंत दिसणार नव्हता, आणि तोवर त्याला वडीसुद्धा ओळखू येईल की नाही कोण जाणे.

गाव मात्र वॉशिंग्टनच्या काळजीत बुडालेलं. प्रत्येक अंगणात उमेदवारांच्या पाट्या उभ्या. ज्यांनी एकमेकांची गुरं सांभाळली ते आता रस्त्यात भेटले तर स्टिअरिंगवरून चार बोटांऐवजी एकच बोट उचलून नमस्कार करायचे. पोस्टाने रोज इतकी पत्रकं यायची की शेगडी पेटवायला दुसरा कागद लागला नाही. आणि आर्डिसच्या अंगणात सगळ्यांच्याच पाट्या, कारण जो कुणी विचारायला आला त्याला ती "बघू या" म्हणाली, आणि परगावच्यांना तो होकार वाटला.

पहिला आला ब्रॅडली किंडेम, काँग्रेसच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेतल्या जागेसाठी उभा असलेला. शेतकऱ्याचे बूट घातलेले, पण इतके कोरे की चालताना करकर वाजत होते. तो सीमेबद्दल बोलला, चीनबद्दल बोलला, आपल्या आजोबांच्या ट्रॅक्टरबद्दल बोलला.

"आमच्या इथे एक वृद्धाश्रम आहे," आर्डिस म्हणाली.

"मॅडम, तुमचं दुखणं मला कळतंय," तो म्हणाला. "पण ते राज्याच्या हातात आहे. मी वॉशिंग्टनला जाऊन तिथली घाण साफ करणार." आणि बोलता बोलता त्याने शेवटची वडी उचलून तोंडात टाकली. आर्डिसने त्याला प्रेमाने दारापर्यंत पोचवलं, दारात आणखी बराच वेळ गप्पा मारल्या, गाडी वळेपर्यंत हात हलवला, आणि आत येऊन त्याला आयुष्यातून काढून टाकलं.

मग राज्याच्या विधिमंडळासाठी उभी असलेली एक बाई आली. तिने वडी रीतीप्रमाणे अर्धी केली, डोळ्यांत पाणी आणून नॉर्व्हलची चौकशी केली, आणि वृद्धाश्रम गावाच्या हातात आहे असं सांगून गेली. म्हणजे वरचा खाली बोट दाखवणार आणि खालची आणखी खाली. शेवटी उरला आमचा नगराध्यक्ष. नगरपरिषदेत वृद्धाश्रमाच्या बाजूने दोघं आणि विरुद्ध दोघं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाचवं मत नगराध्यक्षाचं. नॉर्व्हलचं काय व्हायचं ते मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला, गावच्या जागा छापतात तिथे, ठरणार होतं, आणि आमचे निम्मे लोक मतपत्रिका उलटतच नाहीत.

त्या जागेला दोघं उभी होती. एक कोरीन वुकेलिच, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारी. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखातून लग्न होऊन इथे आली त्याला वीसेक वर्षं झाली, म्हणजे आमच्या हिशेबाने अजून नवीनच. दुसरा लाइल एंगेब्रेटसन. विमा विकायचा, आर्डिसच्या हातचं खाऊन वाढलेला. गावात लग्न असो की मयत, शेवटी खुर्च्या घडी करून ठेवायला लाइल थांबलेला असायचाच.

कोरीन आली ती थेट कामावरून, बाहीला ग्रीस लागलेलं. बसायच्या आधीच बोलायला लागली.

"आर्डिस, सरळ सांगते. वृद्धाश्रम तोट्यात आहे. चालवायचा तर घरपट्टी वाढवावी लागणार. तुमचीपण वाढेल, याचीपण." तिने माझ्याकडे बोट केलं. "मी वाढवणार. लोक मला शिव्या देतील, देऊ देत. पण नॉर्व्हल आहे तिथेच राहील."

आम्ही दोघं कॉफीच्या कपात बघत राहिलो. पैशाबद्दल असं उघड बोलणं म्हणजे आमच्यात कपडे काढण्यासारखं आहे.

"ही एकच उरलीये," कोरीन म्हणाली. "कुणाला हवीये?"

"नको, नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो. म्हणायचंच असतं.

"मग मी खाते. सकाळपासून पोटात काही नाही." आणि तिने खाल्ली. सबंध. वर बोटंही चाटली.

ती गेल्यावर आर्डिस ती ताटली कितीतरी वेळ घासत होती. मग पाठमोरीच म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे." कोरीन तिथेच पडली हे मला कळलं.

"अगं, पण ती वृद्धाश्रम चालू ठेवणार म्हणाली ना," मी म्हटलं.

"म्हणाली. माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या घरपट्टीचं बोलली."

"आणि वडी?"

"वडीचं मी काही बोलले का?"

मला चीड आली होती, खोटं कशाला बोलू. नवऱ्याला वाचवणारी बाई समोर बसून गेली आणि ही ताटली घासत बसली. पण मी तरी काय बोललो? म्हटलं, "बघू या."

लाइल आला तो दोन दिवसांनी, केस विंचरून, पायपुसण्यावर बूट चार वेळा घासून. पहिल्यांदा वडी दिली तर नको म्हणाला. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा घेतली, तीही सगळ्यांत लहान. आर्डिसचा चेहरा उजळला. शेवटची उरली तेव्हा त्याने सुरीने तिची अर्धी केली. जरा वेळाने त्या अर्धीची अर्धी. तीसुद्धा इतक्या अलगद कापली की चुरा पडला नाही.

"काल नॉर्व्हलकडे गेलो होतो, मिसेस टोलेफ्सरुड," तो म्हणाला. शाळेतली हाक त्याने अजून सोडली नव्हती. "पांघरूण घसरलं होतं. नीट करून आलो."

"गुणाचा आहेस रे," ती म्हणाली. मग कप थोडा फिरवला. "लाइल, त्या वृद्धाश्रमाचं काय रे?"

"मिसेस टोलेफ्सरुड, वृद्धाश्रम म्हणजे आपल्या गावाचं काळीज आहे. सगळ्यांचं ऐकून घेऊ, सगळ्या बाजू बघू, आणि गावाच्या हिताचं असेल तेच करू."

म्हणजे बंद करणार की चालू ठेवणार? हा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. ओठ हललेही. पण असा सरळ प्रश्न विचारला की समोरच्यावर सरळ उत्तर द्यायची वेळ येते, आणि पाहुण्याला घरात बोलावून अडचणीत आणणं आमच्यात बसत नाही. तिने प्रश्न गिळला आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

त्या रविवारी तळघरात ती एवढंच म्हणाली, "लाइलने अर्धी केली. मग त्या अर्धीचीही अर्धी केली." झाला प्रचार. ज्या बायका जन्मात मतपत्रिका उलटत नव्हत्या त्यांनी त्या वर्षी ती आठवणीने उलटली आणि मागच्या बाजूला लाइलपुढे टिंब भरलं. मतदान करून आर्डिस बाहेर आली तेव्हा कोटावर मतदान केल्याचा तो लाल गोल कागद चिकटवला होता आणि चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान होतं. तशीच ती वडी घेऊन नॉर्व्हलकडे गेली. त्याला तो लाल गोल फार आवडला. तिने तो काढून त्याच्या स्वेटरवर लावला.

लाइल थोडक्यात निवडून आला. कोरीन दुसऱ्या दिवशी दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "पडले. आता जेवायला तरी वेळ मिळेल." आम्ही हवेबद्दल बोललो.

जानेवारीत नव्या नगरपरिषदेची बैठक भरली. बाहेर अशी थंडी की नाकातला श्वास गोठावा, तरी सभागृह भरलेलं. मागच्या टेबलावर कॉफी आणि आर्डिसने केलेल्या वड्या. दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि लाइल उभा राहिला. त्याने सगळ्यांचे आभार मानले. वृद्धाश्रमातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, नॉर्व्हलचं घेताना आवाज दाटला. आपण सगळ्यांचं ऐकलं, सगळ्या बाजू बघितल्या, कित्येक रात्री झोप लागली नाही, असं सांगितलं. मग इतक्या हलक्या आवाजात मत दिलं की मागे बसलेल्यांना वृद्धाश्रम बंद झाल्याचं कळलंच नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आर्डिस पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ मांडीवरचे हातमोजे सारखे करत बसली.

मग कॉफी. आमच्यात कुणाला फाशी दिली तरी मागाहून कॉफी असते. लोक तिच्याजवळ येऊन म्हणत होते, नवा वृद्धाश्रम फार स्वच्छ आहे म्हणतात, रस्ताही चांगला आहे. ताटली फिरत फिरत रिकामी होत आली आणि शेवटची वडी उरली. लाइल स्वतः ती ताटली आणि सुरी घेऊन तिच्यापुढे आला. डोळे अजून ओले.

"मिसेस टोलेफ्सरुड, अर्धी करू?"

"नको," आर्डिस म्हणाली.

मी तिच्या शेजारी जन्म काढला, हा शब्द अशा आवाजात तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने ती वडी उचलली आणि त्याच्यासमोर उभी राहून खाल्ली. सबंध, सावकाश, त्याच्या तोंडाकडे बघत. तो ताटली धरून उभाच राहिला, कारण मधेच निघून जाणं बरं दिसत नाही. खाऊन झाल्यावर तिने बोटं चाटली, आणि लोकांच्या डोक्यांवरून मागच्या रांगेकडे बघून मोठ्याने विचारलं,

"कोरीन, तुझा ट्रक बर्फात चाळीस मैल जाईल का?"

"जाईल," कोरीन म्हणाली. "रविवारी. पेट्रोलचे पैसे तुम्ही द्यायचे."

"देईन."

त्या दोघी आता दर रविवारी नॉर्व्हलकडे जातात, त्यामुळे तळघरातली कॉफी दुसरं कुणीतरी बघतं आणि ती पांचट असते. गावच्या वृद्धाश्रमाच्या दाराला कुलूप आहे. लाइल पुन्हा उभा राहणार आहे आणि निवडूनही येईल. गावात त्या बैठकीची चर्चा अजून होते. म्हणतात, बिचारी आर्डिस, वय झालं, नाहीतर आपल्यातल्या बाईने चारचौघांत शेवटची वडी सबंध उचलून खाल्ली असती का?