मागे वळून पाहण्याचा आजार

तासगावच्या पुढे एका खेड्यात मी शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी शाळेजवळच्या गतिरोधकावर स्कूटी आदळली आणि मनात आलं, चाकाखाली कुणी आलं तर नाही? मागे जाऊन पाहिलं. रस्ता रिकामा. पुढे निघाले तर शंका पुन्हा हजर. त्या दिवशी मी चार वेळा मागे वळले.

मग ते रोजचंच झालं. कुणी नाही हे कळायचं, तरी द्राक्षबागेच्या कडेच्या चरात वाकून बघायचे, टायरवरून बोट फिरवायचे, रक्त लागलंय का म्हणून. शाळेत पोचेस्तोवर प्रार्थना संपलेली असायची. शेवटी नवऱ्यानं मला टायर चाचपताना पकडलं. तो फौजेतून निवृत्त झालेला, सहसा घाबरत नाही. त्या दिवशी घाबरला.

थोरल्या दिरांनी मात्र लगेच निकाल दिला. "तिची गाडी काढून घे रं. बाईमाणसाला झेपत न्हाई ते."

"आवं दादा," मी दारातूनच म्हणाले, "गाडी माझ्या पगाराची हाय. चावी कुणाला देणार न्हाई."

आम्ही सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अशी शंका सगळ्यांच्याच मनात येते. मेंदूचा पुढचा भाग धोक्याचा इशारा देतो, आतला भाग 'बघून झालं, आता पुढे चल' म्हणून तो थांबवतो. तुमच्यात तो इशारा थांबत नाही, तिथल्या तिथे फिरत राहतो; या आजाराला ओसीडी म्हणतात. सेरोटोनिन नावाच्या रसायनाचाही यात हात असावा, म्हणून गोळ्यांचा उपयोग होतो. सगळं अजून कुणालाच उलगडलेलं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग विचारलं, "माहेरी कुणाला असं काही होतं?"

मला वडूजची मावशी आठवली. पाण्याची टंचाई असायची, तरी ती बादलीमागून बादली उपसून हात धुवायची, कातडी फाटेपर्यंत. लोक तिला सोवळी म्हणून हसायचे. मीही हसले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते, होईलच असं नाही. परतताना एसटीत मी रडले, ती मावशीसाठी. तिला कुणी दवाखान्यात नेलंच नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्या जोडीला सराव होता: गतिरोधक ओलांडायचा आणि मागे बघायचं नाही. पहिल्या दिवशी छाती धडधडत असताना मी मोठ्यानं म्हणत होते, "धडधडू दे, मी थांबत नाही." शाळेत पोचले तेव्हा मुलं अजून रांगेत उभी होती. तो दिवस साधला, दुसरा नाही साधला. पण हळूहळू साधणारे दिवस वाढत गेले.

यंदा पुतणीला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी दीर म्हणाले, "गोळ्यांचं काय बोलू नका. घराण्यात असलं काय हाय म्हटल्यावर पोरगी कोण करंल?"

"दादा, आजार माझ्या माहेरचा. मी या घरची सून. माझं रक्त तुमच्या पोरीत कुठनं येईल?"

 दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मी पाणी आणायला आत गेले, तर मुलाची आई मागोमाग आली. फळीवरची गोळ्यांची पाकिटं बघून तिनं विचारलं, "कशाच्या वो?"

"मेंदूच्या," मी म्हणाले. "मला ओसीडी हाय. शुगरच्या घेतात तशा मी या घेते."

ते स्थळ जुळलं नाही. दीर त्याचं खापर अजून माझ्यावर फोडतात. पुतणीनं मला नंतर कानात सांगितलं, "काकी, मीच त्या मुलाला फोन करून नको म्हटलं." हे मी दिरांना सांगितलेलं नाही. त्यांना रागवायचंय तर खुशाल रागवू देत. पण कुणाच्या लग्नासाठी मी माझा आजार लपवणार नाही.