बरणीकाकांचा अर्धा तास

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते बरणीकाका. मोठ्या टाकीत खालून हवा सोडलेली असे. तिथलं तपकिरी पाणी रोज सकाळी आठला काचेच्या उभ्या बरणीत भरायचं, बरणी खिडकीत ठेवायची आणि अर्धा तास तिच्याकडे बघत बसायचं. गाळ खाली बसून वर नितळ पाणी उरलं, की समजायचं टाकीतले जिवाणू ठणठणीत आहेत. शहराची घाण खातात ते जिवाणू. काका त्यांना फक्त हवा पुरवतात. सव्वीस वर्षं हेच चाललेलं.

"माझ्याकडे कधी एवढं टक लावून पाहिलं नाहीत," बायको म्हणायची.

तू कुठे अर्ध्या तासात शांत होतेस, असं काका म्हणायचे, पण मनातच.

केंद्रातलं शुद्ध झालेलं पाणी पुढे नदीत सोडलं जाई, आणि लेक दिली होती त्याच नदीच्या खालच्या अंगाच्या गावात. तिथला नळ याच नदीवर. विहीणबाईंचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय व्याही, आज कसं पाणी पाठवलंय?" त्यांची ती थट्टा. काकांना मात्र दीड वर्षांची नात आणि तिची पाण्याची वाटी दिसायची.

त्या मंगळवारी केंद्राचे अभियंता साहेब नाकाला रुमाल लावून टाकीपाशी आले. दुसऱ्या दिवशी वरचे अधिकारी पाहणीला येणार होते.

"काका, केवढा हा फेस! आणि हा वास! ब्लीचिंग पावडरची आठ पोती आली आहेत. संध्याकाळपर्यंत या टाकीत ओतून घ्या."

काकांनी कपाळाला हात लावला. "अहो साहेब, जिवाणू मरतील सगळे! पुन्हा जोम धरायला तीन आठवडे लागतात. तोवर घाण जशीच्या तशी नदीत."

"जिवाणू कोणाला दिसतात? फेस दिसतो."

"पावडर शेवटच्या टाकीत घालतात, पाणी स्वच्छ झाल्यावर. तीही मोजूनमापून. सव्वीस वर्षं मी..."

"तुमची सव्वीस वर्षं ऐकून कान किटले माझे."

"मग पावडर ओतायचा आदेश लेखी द्या."

लेखी म्हटलं की भलेभले नरमतात, हा काकांचा अनुभव. साहेबांनी मात्र तिथल्या तिथे कागद ओढला, चार ओळी खरडल्या आणि सही ठोकली. आता आली का पंचाईत!

"ओतून टाका की," पंपवाला म्हणाला. "सही त्यांची आहे. तुमचं काय जातंय?"

"माझी नात पिते ते पाणी!" काका खेकसले.

त्यांनी पोती शेवटच्या टाकीजवळच्या खोलीत ठेवली, कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. आदेशाच्या कागदावर खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पोती मिळाली. टाकीत ओतलेली नाहीत. जिवाणू जिवंत ठेवणे आवश्यक.' आणि कागद फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. फेस पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साहेबांनी काकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. काकांनी नुकतीच भरलेली बरणी पुढे केली.

"अर्धा तास थांबा साहेब. सगळं डोळ्यांनी दिसेल."

"अर्धा तास?" अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, मग बरणी पाहिली. "हे तर घाणच आहे." सातव्या मिनिटाला त्यांची गाडी फाटकाबाहेर होती.

अर्धा तास भरला. गाळ छान खाली बसला. वरच्या पाण्यातून खिडकीचे गज मोजून घ्यावेत, इतकं ते नितळ. दाखवायचं कोणाला? पंपवाला पेंगत होता.

दुपारी साहेबांचा कागद आला. आदेश का पाळला नाही, तीन दिवसांत लेखी खुलासा करा. काकांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा टेबलावर आदळला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय व्याही, आज कसं पाणी पाठवलंय?"

"ते कळायला अर्धा तास लागतो!" काका कडाडले. "आहे का कोणाकडे अर्धा तास?"

"आहे की," विहीणबाई म्हणाल्या. "स्वयंपाक उरकलाय, पोर झोपलीय. बोला."

काकांनी खुलाशाचा कागद बाजूला सारला, खुर्ची ओढली आणि पहिल्या पोत्यापासून सुरुवात केली.